हाती पेला

बारकीने पेला टेबलावर ठेवला तेव्हा सगळे अंगण टाळ्या वाजवत होते. घरची सून तिच्या तळहाताकडे बघत होती.

अंगठ्याच्या मुळाशी पांढरट फुगवटा धरू लागला होता. करंगळीच्या बाजूची कातडी ताणून चकचकीत झाली होती. त्याच हाताने बारकी कपाळावरचे केस मागे सारत होती, कारागिरांना हात दाखवत होती, आत्याचा गाल ओढत होती.

या काचकारखान्यात फुंकणी, आणि तिच्याबरोबर मालकी, आपोआप थोरल्या मुलाकडे जात नसे. मिळवावी लागे. निववायच्या भट्टीतून, काच तडकणार नाही पण हात पोळेल अशा वेळी, उघड्या हाताने पेला काढायचा आणि अंगण ओलांडून मालकाच्या टेबलावर आणून ठेवायचा. बोटे बदलायची नाहीत, तोंड वाकडे करायचे नाही, पाऊल उचलायचे ते सावकाश. याला ते 'हाती पेला' म्हणत. थोरल्याने मागे हे करून पाहिले होते आणि अंगणाच्या मध्यावर पेला सोडून दिला होता. तिथल्या फरशीचा टवका उडालेला होता. घरातले लोक अजून त्या टवक्याला वळसा घालून जात आणि त्यामुळे तो सगळ्यांच्या जास्तच लक्षात राही.

"थेट आजोबांचा हात!" आत्या ओरडली. कारखान्याचे मालक अण्णा यांची ही मोठी बहीण. आई गेल्यापासून बारकीला तिनेच वाढवले होते. "अगं, माझे वडील असाच आणायचे. जसा काही फुलांचा गुच्छ."

"मालक, चिमटे भंगारात घाला आता," फोरमन म्हणाला.

"चिमटे कशाला, यालाच घाला," म्हणत बारकीने त्याच्याकडे बोट केले आणि ती मोठ्याने हसली. हसता हसता मध्येच थांबली. हात मानेमागे गेला, डोळे मिटले, ओठ घट्ट आवळले गेले. चेहरा पुन्हा सरळ झाला तोवर बाकीच्यांचे हसणे संपलेही नव्हते.

"काय झालं?" सुनेने विचारले.

"काही नाही गं वहिनी. मान आखडली. मालक झाल्याचं ओझं."

पुन्हा हशा. अण्णा हसले नाहीत. ते क्वचितच हसत, पण आज त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "जेवून घ्या. मग पहिला गोळा."

पहिला गोळा म्हणजे नव्या मालकाने सगळ्यांसमोर फुंकलेला पहिला पोकळ गोल, छातीत मावेल तेवढ्या सगळ्या हवेचा. तो दुपारी भट्टी पुरती तापली की व्हायचा. म्हणजे जेवणाएवढा वेळ सुनेच्या हातात होता.

ती शहरातल्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती. मेंदूच्या आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या माणसांना उभे करायचे, चालायला लावायचे, हे तिचे रोजचे काम. तिच्याकडे एकदा इस्त्रीचे दुकान चालवणारी एक बाई आली होती. कोपर इस्त्रीवर टेकलेले राहिले आणि करपल्याचा वास आला म्हणून तिला कळले. डॉक्टरांनी त्या बाईच्या डोक्याचे चित्र सुनेला दाखवले होते. कवटीच्या तळाला जिथून मज्जारज्जू खाली उतरतो, त्या भोकातून मेंदूचा खालचा तुकडा बाटलीच्या गळ्यात बूच बसावे तसा घसरलेला. खाली मज्जारज्जूच्या आत पाणी साचून पोकळी झालेली. या बाईला आधी काय काय होत असे, हेही डॉक्टरांनी सांगितले होते. सुनेला ते पाठ होते. गेले काही महिने ते तिला नको त्या वेळी आठवत होते: बारकी उकळत्या पाण्याच्या टोपात हात घालून चमचा काढते तेव्हा, शिंक आली की भिंत धरते तेव्हा.

आज ते सगळे एका जागी आले होते.

*

थोरला पॅकिंगच्या खोलीत गवतात पेले रचत होता. या क्षणी कोणी पेले रचत नाही. त्याला अंगणात थांबायचे नव्हते, एवढेच.

"तिचा हात पाहिलास?" दार लोटून घेत बायकोने विचारले.

"अख्ख्या अंगणाने पाहिला. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आणखी काय करू?"

"भाजलाय."

"गरम पेला धरला तर भाजणारच. मला विचार."

"तिला कळलंच नाही रे."

"अगं, तीच तर परीक्षा आहे. कळू द्यायचं नाही."

"कळू न देणं वेगळं आणि न कळणं वेगळं." ती त्याच्यासमोर खाली बसली. "दुखणं दाबणारी माणसं मी दिवसभर बघते. जबडा आवळतात, श्वास धरतात, पायाची बोटं मुडपतात. ही फोरमनशी गप्पा मारत आली. पेला ठेवल्यावर हात झटकला नाही, पाण्याखाली धरला नाही. ती धाडसी नाहीये. तिच्यापर्यंत काही पोचतच नाहीये. आणि आता ती सगळा जोर लावून फुंकणार. त्या जोराने डोक्यातला दाब वाढतो. खाली आधीच अडकलेलं असेल तर..."

"असेल तर. म्हणजे नक्की नाही."

"नक्की एमआरआय सांगेल. पण मला आज तिला फुंकू द्यायचं नाही."

थोरल्याने पेला गवतात ठेवला, परत उचलला. त्याला बायकोचे म्हणणे खोटे वाटत नव्हते, आणि तीच अडचण होती. माळ्यावरून उतरताना बारकी हल्ली पायऱ्यांवर बसून बसून उतरते, हे त्याने पाहिले होते. बरणीचे झाकण ती त्याच्याकडे आणून द्यायची आणि 'तुलाही काहीतरी काम हवं ना' असे म्हणायची. अंगठा आणि बोट यांच्यामधला तिच्या तळहाताचा भाग खोलगट दिसू लागला होता. हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. बहिणीच्या हातात दोष काढणारा भाऊ, तोही अंगणाच्या मध्यावर पेला टाकलेला. कोण ऐकून घेणार?

"तू बोललीस तर काय होईल माहितीये ना?" तो म्हणाला.

"माहितीये."

"मागच्या वर्षी तूच जेवणाच्या टेबलावर म्हणालीस, फुंकणी माझी आहे म्हणून. आत्या अजून ते लोणच्यासारखं मुरवत ठेवून आहे."

"म्हणून तर तुझ्याकडे आले. तू बोल."

"मी बोललो तर आणखी वाईट."

ती उठली. गवताच्या काड्या साडीला चिकटल्या होत्या, त्या तिने झटकल्या नाहीत. "मग दोघंही वाईट होऊ," ती म्हणाली. "पण गोळ्याच्या आधी."

*

कारागीर अंगणात जेवत होते. घरातले पाच जण आत लांब टेबलाशी बसले होते. अण्णांनी बारकीला आपल्या उजव्या हाताला बसवले होते. तिथे आजवर थोरला बसत आला होता. थोरल्याने खुर्ची बदलताना ती जमिनीवर ओढली, एवढाच आवाज झाला.

आत्या खुशीत होती. "मी विचारलं होतं हिला सकाळी," ती घास घेता घेता म्हणाली, आणि अण्णांकडे बघून एकदम थांबली.

"काय विचारलं होतंस?" बारकीने डोळा घातला. "सांग की."

"काही नाही. पाणी हवं का, असं विचारलं होतं. गप्प जेव."

बारकी हसून पाण्याचा घोट घेत होती. तिला ठसका लागला. साधा नव्हे. डोळे विस्फारले, पाणी नाकातून परत आले आणि ती टेबल धरून खोकू लागली. प्रत्येक खोकल्याला तिचा हात मानेमागे जात होता.

"कोणीतरी आठवण काढतंय आमच्या मालकीणबाईंची," आत्या तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली.

"पाणी नाकातून किती दिवस येतंय?" सुनेने विचारले.

"वहिनी, जेवताना काय हे!"

"किती दिवस?"

"येतं कधीमधी. घाईत प्याले की."

"खोकलीस की मागे दुखतं ना? इथे? हसलीस, शिंकलीस, जड उचललंस की?"

"फुंकणाऱ्या सगळ्यांची डोकी दुखतात," अण्णा म्हणाले. "सुरुवातीला माझंही दुखायचं."

"तुमचं कपाळ दुखायचं अण्णा, आणि ते थांबलं. हिचं मागे दुखतं आणि वाढतंय." सुनेने ताट बाजूला सारले. ठरवून आणलेली सगळी वाक्ये विसरली होती. तिने सरळ सांगून टाकले. मेंदूचा खालचा भाग जागा सोडून मानेत उतरलेला असू शकतो. जन्मापासून असतो, कित्येक वर्षे कळत नाही. मग हात पोळलेले कळेनासे होतात, हातातला जोर जातो, तोल जातो, गिळताना अडकते. हाच आजार असेल असे ती छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण डोक्याचे आणि मानेचे चित्र काढेपर्यंत बारकीने फुंकू नये.

कोणी तरी चमचा खाली ठेवला.

"आलं लक्षात," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "नवऱ्याला फुंकणी मिळाली नाही, तर नणंदेचा मेंदूच खाली उतरवलास. अगं, निदान आजचा दिवस तरी जाऊ द्यायचास."

"आत्या, आजचा दिवस गेला तर..."

"हे घर आहे सूनबाई, तुझा दवाखाना नाही. इथे दर माणसाला बघून तू आजार काढायला लागलीस तर आम्ही भट्टीवर कोणाला उभं करायचं? तुझ्या नवऱ्याला?"

अण्णांनी हात वर केला. आत्या थांबली. "याच टेबलावर तू म्हणाली होतीस, फुंकणी थोरल्याची आहे," ते सुनेला म्हणाले. "खोटं आहे का?"

"नाही. म्हणाले होते."

"आणि आज तू म्हणतेस बारकीने फुंकू नये."

"हो."

"मग मी काय समजू?"

"वाटेल ते समजा. उद्यापासून या घरात माझ्याशी बोलू नका. पण तिला आज..."

"मीपण पाहिलंय," थोरला म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो ताटाकडे बघत होता. "ती माळ्यावरून बसून उतरते. बरणी उघडत नाही तिच्याने. बोटांना काही बाही लागलेलं असतं आणि तिला पत्ता नसतो. मागे चाकूने कापलं होतं, तर माझ्या शर्टाला रक्त लागलं तेव्हा कळलं तिला."

"दादा, तूसुद्धा?" बारकी म्हणाली. इतका वेळ ती गंमत बघितल्यासारखी बसली होती. आता गंमत संपली. "तुला एवढं दिसत होतं आणि आज बोलतोयस? पेला पोचल्यावर?"

"हो. आज बोलतोय. चूक आहे माझी."

"चूक कसली? वेळ साधलीस."



*

सून उठून मांडणीकडे गेली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती पाठमोरीच म्हणाली. "तिच्या बोटांवर ठेवा."

तिने दोन पेले काढले. एकात नळाचे पाणी भरले, दुसऱ्यात किटलीतले, हाताला सोसेल इतके ऊन. दोन्ही बारकीसमोर ठेवले आणि नॅपकिनची घडी करून तिच्या डोळ्यांवर बांधायला घेतली.

"आंधळी कोशिंबीर?" बारकी म्हणाली, पण तिने बांधू दिले.

"डाव्या हाताने. भाजलेल्या नको. दोन्हींना हात लाव आणि सांग."

बारकीने पहिल्या पेल्याच्या काठावरून बोट फिरवले, मग बुडाखालून. "हा अण्णांचा. काठ आतल्या अंगाला जरासा कललेला असतो. दुसरं कोणी असा वळवत नाही." दुसरा पेला हातात घेऊन तिने टेबलावर टेकवला. "आणि हा दादाचा. डुगडुगतोय."

एरवी सगळे हसले असते. अण्णांच्या तोंडून नकळत "बरोबर" आले. डोळे बांधून काच कोणाची ते सांगणारे या कारखान्यात फार नव्हते.

"आता सांग," सून म्हणाली. "यातला गरम कुठला?"

बारकीचे बोट थांबले.

ती पुन्हा पहिल्या पेल्याकडे गेली. पूर्ण तळवा टेकवला. दुसऱ्याला टेकवला. मग परत पहिल्याला. थोरल्याच्या पेल्यावरून वाफेची बारीक रेघ वर जात होती. ती चौघांना दिसत होती आणि चौघेही तिच्याकडेच बघत होते.

"अण्णांचा," बारकी म्हणाली. मग जरा थांबून, "हो ना?"

थोरल्याच्या पेल्यावरची वाफ तशीच वर जात होती.

"वहिनी, हो ना?"

अण्णा उठले. सुनेला त्यांनी हातानेच बाजूला केले, पेले उचलून मोरीत ओतले आणि स्वतः भरून आणले. दोन्हींत त्यांनी नळाचेच पाणी भरले होते. सुनेने ते पाहिले. "पुन्हा सांग," ते म्हणाले.

यावेळी बारकीने वेळ घेतला नाही. शाळेत पहिल्यांदा चुकलेली मुलगी दुसऱ्यांदा जशी पटकन हात वर करते, तशी ती म्हणाली, "आता दादाचा. दादाचा गरम. एकदम गरम आहे."

अण्णांनी तिच्या डोळ्यांवरचा नॅपकिन सोडला. गाठ सुटेना. शेवटी त्यांनी तो वर ओढून काढला.

बारकीने दोन्ही पेल्यांत डोकावून पाहिले. वाफ कशावरच नव्हती.

*

आत्या पेल्यांकडे बघत नव्हती. तिला पाण्याचा नाकातून आलेला थेंब दिसत होता, बारकीच्या ओठावर अजून तसाच होता तो. असाच थेंब तिने वर्षानुवर्षे वडिलांच्या मिशीवरून पुसला होता. शेवटी शेवटी वडिलांची बोटे आत वळली होती, घास ती भरवायची, पाणी चमच्याने पाजायची. पाय फाकवून, भिंतीला धरून चालायचे. भट्टीवरचे लोक हसायचे. त्याआधी हेच वडील जळता पेला फुलांच्या गुच्छासारखा आणायचे आणि लोक बघत राहायचे. ही दोन माणसे तिने मनात कधी एक केली नव्हती. एक तिचा अभिमान होता, दुसरा घराची लाज.

"आजोबांचं असंच होतं," ती म्हणाली.

"अक्का," अण्णा म्हणाले.

"असंच पाणी यायचं नाकातून. असेच खोकताना मान धरायचे."

"ते दारू प्यायचे."

"त्यांना मी भरवत होते. तोंडाला तोंड लावून बसायचे मी त्यांच्यासमोर. कधी वास आला नाही मला. तुला आला?"

"सगळे म्हणायचे."

"तू म्हणालास म्हणून सगळे म्हणायचे. अंगणात लोकांसमोर हातातून फुंकणी काढून घेतलीस तू त्यांच्या. 'चालता येत नाही, फुंकता काय' असं म्हणालास. मी दारात उभी होते. आणि मीही गप्प बसले, कारण मला वाटलं, आता निदान तुझ्या हातात तरी नीट राहील सगळं."

अण्णा उभेच राहिले.

"घरातून उतरतं का गं हे?" आत्याने सुनेला विचारले. मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"काही घरांत उतरतं म्हणतात. नेहमी नाही."

"सकाळी मी हिला विचारलं होतं," आत्या म्हणाली आणि यावेळी तिने अण्णांकडे बघून वाक्य सोडले नाही. "पेला आधीच बाहेर काढून निववून ठेवू का, असं विचारलं होतं. तर म्हणाली, कशाला? मला तेव्हाच कळायला हवं होतं. जिवंत माणूस 'कशाला' म्हणत नाही. बारके, तुझ्या बापानेही 'कशाला' म्हटलं नव्हतं."

बारकीने मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे त्याचा पेला कोमट होता. मीच काढून ठेवला होता. टोपल्याखाली."

अंगणात कोणी तरी ताट घासत होते. त्याचा आवाज खिडकीतून येत राहिला. थोरला बापाकडे बघत होता. फरशीचा टवका, त्याला घातलेले इतक्या वर्षांचे वळसे, टेबलाशी बदललेली खुर्ची, हे सगळे त्याला एकदम बोलता आले असते. त्याने फक्त विचारले, "माझ्या वेळी का नाही काढलास आत्या?"

"त्याने नको म्हटलं. म्हणाला, बघू तरी."

"मला बघायचं होतं," अण्णा म्हणाले, "की खरंच कोणाला जमतं का."

"जमलं की," बारकी म्हणाली. "दोघांना जमलं. आजोबांना आणि मला."

*

दारात फोरमन आला. आतली हवा त्याला उंबऱ्यावरच कळली, पण काम काम होते. "मालक, काचेचा रस एकदम तयार आहे. धरू का अजून थोडा?"

तो कोणाला विचारत होता हे आज त्यालाही नक्की नव्हते. अण्णा आणि बारकी दोघांनीही मान वळवली. बारकी उठली. भिंतीला टेकवलेली फुंकणी तिने उचलली आणि ती दाराकडे निघाली. चालताना पाय किंचित फाकलेले होते. आता ते सगळ्यांना दिसले.

थोरला तिच्या आधी दारात पोचला.

"बाजूला हो."

"नाही."

"दादा, एक गोळा. फक्त एक. मग न्या मला कुठे न्यायचं तिथे."

"नाही."

"पेला मी आणलाय. तू नाही." तिचा आवाज चिरका झाला. "तू टाकलास. तुला हवीच होती ना ही? आता तर तुझं फावलं. माझा हात हात नव्हताच, रोग होता. जा, सांग सगळ्यांना. मग मला काय येतं? सांग ना! त्याच्याशिवाय काय येतं मला?"

"काच कोणाची ते डोळे बांधून सांगितलंस," सून मागून म्हणाली. "ते आजाराने येत नाही."

"तू बोलू नकोस वहिनी! आत्ता तरी बोलू नकोस."

थोरल्याने फुंकणीला हात घातला. बारकीने सोडली नाही. पण तिची पकड आणि त्याची पकड यांत फरक होता. तो दोघांनाही कळला आणि त्याने ओढणे थांबवले. नुसते धरून ठेवले.

"ऐक," तो म्हणाला. मग आवाज चढवून दारातून बाहेर बघत, फोरमनला आणि अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मी ही घेणार नाही. आज नाही आणि ही परत येईपर्यंत नाही. मला कोणी दिली तरी घेणार नाही. ऐकलंत ना सगळ्यांनी?" मग पुन्हा हळू, "आता सोड बारके. कोणी पळवत नाही."

तिने लगेच सोडली नाही. सोडली तेव्हा फुंकणी दोघांमध्ये आडवी झाली आणि थोरल्याने ती खुंटीवर अडकवून टाकली.

"रस काढून घे," अण्णा फोरमनला म्हणाले. "आज गोळा नाही."

"लोकांना काय सांगू मालक?"

अण्णांनी बहिणीकडे पाहिले. "सांग, बारकी आजारी आहे. तिला दवाखान्यात नेतोय." मग जरा थांबून, "आणि सांग की पुन्हा हाती पेला होणार नाही. कधीच. कोणाचाही."

"का म्हणून विचारलं तर?"

"तर माझ्याकडे पाठव."

*

सुनेने रुग्णालयात फोन केला. बारकीचा तळहात तिने गार पाण्याखाली धरला, ओल्या फडक्याने सैलसा झाकला, आणि दुखतंय का असे विचारायचे टाळले. आत्याने कपड्यांची पिशवी भरली. भरताना दोनदा रिकामी केली. थोरल्याने गाडी दाराशी आणली.

"कापणार का माझं डोकं?" मागच्या सीटवर बसताना बारकीने विचारले.

"आधी चित्र काढतील," सून म्हणाली. "मी म्हणते तेच निघालं तर कवटीच्या मागच्या बाजूला थोडी जागा करून देतात. पुढचं नुकसान बहुतेक थांबतं."

"आणि झालेलं?"

"काही परत येतं, काही येत नाही. खोटं नाही सांगणार तुला."

"खोटं सांगायला या घरात बाकीचे आहेत," बारकी म्हणाली. ती थट्टा होती की नव्हती, हे कोणी विचारले नाही. आत्याने पदराने डोळे पुसले आणि पिशवी तिच्या पायाशी ठेवली.

अण्णा सगळ्यांत शेवटी आले. रस काढून होईपर्यंत ते भट्टीच्या तोंडाशी उभे होते. कोणी बोलावले नव्हते तरी उभे होते. शर्ट पाठीला चिकटला होता आणि हात आगीसमोर तापून लाल झाले होते. ते मुलीशेजारी बसले आणि दार ओढून घेतले. मग त्यांनी तिचा डावा हात आपल्या तळव्यांत घेतला.

"सांग," ते म्हणाले. "गरम आहे की गार?"

बारकीने डोळे मिटले. अंगठा त्यांच्या बोटांवरून सावकाश फिरवला. नखाजवळची जुनी चीर, मधल्या बोटाचा घट्टा, फुंकणी फिरवून फिरवून वाकलेले पेर.

"तुमचा आहे अण्णा," ती म्हणाली. "एवढं कळतंय."

अण्णांनी बरोबर उत्तर सांगितले नाही. हातही काढून घेतला नाही. थोरल्याने आरशातून मागे पाहिले आणि गाडी सुरू केली.